मोरीचे दोन लाडू

"औंदा मुंग्याच नाय गं!" आवडीने ओढ्यावरच्या मोरीच्या नव्या भिंतीला जवळजवळ नाकच लावलं होतं. "शोधून शोधून एक सापडंना!"

"बरंच झालं की! चावणार तरी नाहीत," मास्तरांची द्वारका म्हणाली.

"अगं, बाच्या चुन्याला मुंग्या लागायलाच पायजेत! गूळ असतो त्यात!"

आवडीला हे ठाऊक नसणार तर कोणाला? तिचा बा कोंडाजी पंचक्रोशीतला नावाजलेला गवंडी. ही गोष्ट तुमच्या पणजोबांच्याही आधीची. कर्जतला आगगाडी आली होती, पण आजच्यासारखं सिमेंट आणि लोखंडी सळया कोणी पाहिल्या नव्हत्या. भाजलेला चुना आणि विटांची भुकटी गूळ नि बेलफळाच्या पाण्यात कालवून, बैल फिरवतो त्या चुन्याच्या घाणीत दगडी चाकाखाली रगडायची. तो तांबूस चुना वाळला, की पुराच्या बापालाही हलत नसे!

दहिवलीच्या वाटेवरची जुनी मोरी, म्हणजे छोटा पूल, मात्र गेल्या पावसात वाहून गेली होती. नवी बांधायचं काम कोंडाजीकडे आलं, तेव्हाच ओव्हरसियरसाहेबांनी बजावलं होतं, "मी स्वतः तपासायला येणार. काम कच्चं निघालं, तर पुन्हा सरकारी कामावर थापी धरायची नाही!"

त्या दिवसापासून बाला धड जेवण जात नव्हतं. काल रात्री तो आईजवळ पुटपुटलाही होता, "चुना हाताला सैल लागतोय. माझंच काय चुकतंय, कळंना."

"मुंग्या इथं नाहीत, मग आहेत कुठं?" द्वारकाने विचारलं.

"हितं!" आवडीचा धाकटा भाऊ पदू तिकडून ओरडला. पदूला खाण्याच्या वस्तूचा माग बरोबर लागे. घाणीजवळून मुंग्यांची एक लांबलचक रांग निघाली होती. तिघं रांगत रांगत तिच्या मागे गेली. रांग थेट मुकादम मालोजीच्या झोपडीत शिरत होती!

दाराच्या झापाच्या फटीतून पाहतात तो काय, आत गुळाच्या ढेपा रचलेल्या! मालोजीकाका एक खडा तोंडात टाकून स्वतःशीच म्हणत होते, "दगडाला कशाला लागतो गूळ? दगडाला काय चव कळते?" आणि घाणीवर न्यायच्या रांजणात ते गुळाच्या पाण्याऐवजी खुशाल तांबड्या मातीचं पाणी ओतत होते.

"सांगूया बाला!" पदू म्हणाला.

"नको. मुकादम म्हणंल, पोरं खोटं बोलतात. बाचंच नाव खराब व्हईल."  आवडीने नाक पुसलं. "आपण चुन्यालाच बोलायला लावू!"

तिने घाणीतला एक गोळा उचलला. दुसरा घरी पाट्यावर रगडला, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून. पदूने आपल्या वाटणीचा गूळ दिला. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा त्याग! दोन्हींचे लाडू वळले. मग तीन आठवडे त्यांचे हाल केले. आधी सावलीत वाळवले, मग ओढ्याच्या पाण्यात बुडवले, भर उन्हात तापवले आणि शेवटी चुलीच्या गरम राखेत पुरले.

"आपल्यालासुद्धा परीक्षेत इतका त्रास देत नाहीत!" द्वारका म्हणाली.

तपासणीच्या दिवशी दोन्ही लाडू पळसाच्या पानावर मांडून आवडी मोरीपाशी उभी राहिली. साहेब आले. त्यांच्या मागून मालोजीकाका धावत आले, आणि त्यांची नजर पानावर पडली.

"वा वा! साहेबांसाठी लाडू? आधी मी चाखून बघतो!"

"काका, नका खाऊ! तो चुना हाय!" आवडी ओरडली.

"चुना? मला बनवतेस व्हय गं? चार लाडू जास्त खाल्लेत मी तुझ्यापेक्षा!" आणि काकांनी उजवीकडचा लाडू कचकन चावला.

कडाड!

"आयाईगं! माझा दाऽऽत!" काका गाल धरून मटकन खाली बसले. लाडू जसाच्या तसा होता. फक्त त्यावर दाताची खूण उमटली होती.

"हे काय आहे?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"साहेब, ह्यो गूळ घातलेला चुना." आवडीने दात उमटलेला लाडू पुढे केला. "आन् ह्यो दुसरा तुमच्या मोरीचा. दाबून बघा."

साहेबांनी दोन बोटांनी दाबला. लाडवाचा पार भुगा झाला! कोंडाजीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग मोरीचा गूळ गेला कुठं?" साहेबांनी विचारलं.

"मुंग्यांच्या मागं चला!" पदू म्हणाला.

आणि दहिवलीकरांनी कधी पाहिली नव्हती अशी वरात निघाली! पुढे मुंग्या, मागे टोपी सावरत कंबरेत वाकलेले साहेब, त्यामागे सगळे मजूर. झोपडीतल्या ढेपा पाहून साहेबांनी मालोजीकाकांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. काकांच्या तोंडून नुसतं 'बं... बं...' निघालं. गाल सुजला होता ना!

"कोंडाजी, माझंच घाणीवर लक्ष नव्हतं," साहेब म्हणाले. "पाऊस यायच्या आत भिंत नव्याने बांध. आणि पोरांनो, माझ्या कचेरीत तुमच्याइतकी नीट तपासणी कोणी करत नाही!"

आषाढात ओढ्याला असा पूर आला, की झाडं उपटून वाहत गेली. मोरी तसूभरही हलली नाही. पाणी ओसरल्यावर कोंडाजीने कठड्यात एक खाच कोरली, तो दात पाडणारा लाडू तीत बसवला आणि वरून थापी फिरवली.

"बा, काम कसं झालंय?" आवडीने विचारलं.

आयुष्यात कोणाच्या कामाला 'ठीक' याच्यापुढे न गेलेला कोंडाजी लेकीच्या डोक्यावर चुन्याचा हात ठेवून म्हणाला, "तुझं माझ्यापरीस पक्कं हाय!"

तेवढ्यात पदू वाकून कठडा न्याहाळू लागला आणि आनंदाने ओरडला, "आवडे, मुंग्या आल्या!"