त्रेसष्ट तास

"पाव किलो की अर्धा?" ज्योत्स्नाने मान वर न करताच विचारलं.

समोर तेलाची कढई तापलेली, कढईवर किसणी, हातात सोललेलं कच्चं केळं. अशा वेळी मान वर करणाऱ्याची बोटं किसणीवर जातात.

"नाही... म्हणजे, मला वेफर्स नकोत. माहिती हवी आहे."

तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग, हातात टॅब आणि बुटांवर यावल तालुक्याची निम्मी धूळ. वय तेहतीस-चौतीस असेल, पण डोळ्यांखाली थकवा चांगला पन्नाशीचा. या माणसाला आधी पाणी द्यावं, माहिती मग, असं तिला वाटलं... आणि एवढं वाटून ती थांबली असती तर ही गोष्ट सांगायचं काही कारण नव्हतं.

त्याचं नाव योगराज. गाव शिंदखेडा, तिकडे धुळे जिल्ह्यात. काम म्हणाल तर देशात कोण काम करतं, किती तास करतं, कोण रिकामं बसलंय, हे घरोघरी जाऊन विचारायचं. सरकारची पाहणी, पण तो स्वतः मात्र करारावर. चिठ्ठी निघावी तशी गावातली काही घरं निवडलेली असतात, त्यात यंदा बन्सीलाल आबांचं घर लागलं होतं. दर महिन्याला एकदा, असे चार महिने तेच प्रश्न.

आबा, म्हणजे ज्योत्स्नाचे वडील, खुर्ची ओढून बसले. तीन एकर केळी, रस्त्याला लागून घर, घरापुढे पत्र्याच्या छपराखाली वेफर्सची भट्टी, असं सगळं त्यांनी ऐटीत सांगितलं.

"आणि मुलगी? ती काय काम करते?"

"ज्योत्स्ना? घरीच राह्यते ती. तिले काय काम?"

भट्टी आबांच्या पाठीमागे, दहा पावलांवर. काप तेलात पडून चर्र वाजत होते. योगराजने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा भट्टीकडे.

"मग हे तळतंय कोण?"

"तीच ना! सांगितलं ना भो, घरीच राह्यते."

यात आबांचं काही खोटं नव्हतं बरं का. भट्टी अंगणात, अंगण घरात, मग घरीच नाही तर कुठे? ज्योत्स्नाची आई बावीस वर्षं त्याच भट्टीवर बसली आणि तीही घरीच असायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली, त्या जागेवर ज्योत्स्ना बसली. ज्योत्स्नालासुद्धा यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. दमायला व्हायचं, एवढंच. दमण्याला कुणी काम म्हणतं का?

योगराज उठला आणि सरळ भट्टीजवळ आला.

"काल सकाळी किती वाजता बसलात इथे?"

"मी? ...सहाला."

"उठलात कधी?"

"दहाला. नंतर स्वयंपाक."

"स्वयंपाक वेगळा धरतात. दुपारी?"

"एक ते चार पाकिटं भरली. संध्याकाळी पाच ते सात दुकान." तिने झारा आपटला. "हे विचारायला आलात तुम्ही शिंदखेड्याहून?"

"हो," तो म्हणाला. अगदी सरळ चेहऱ्याने. "आता परवाचं सांगा."

सातही दिवसांचं त्याने एकेक करून विचारलं. घाई केली नाही, हसला नाही, तिच्या ऐवजी स्वतः उत्तर दिलं नाही. रोजचे नऊ, सात दिवसांचे त्रेसष्ट. आकडा ऐकून ज्योत्स्नाचे हात क्षणभर थांबले. एकतीस वर्षांत तिला जेवलीस का असं विचारणारे पुष्कळ भेटले होते. मंगळवारी दुपारी काय केलंस, असं विचारून उत्तराची वाट पाहणारा हा पहिलाच.

"माझं नाव दिल्लीला जाणार का?"

"नाव नाही जात. तास जातात."

"जाऊ द्या मग," ती म्हणाली. "तेवढेच फिरून येतील कुठेतरी."

आता तो हसला. आणि थकलेला माणूस हसला की... जाऊ द्या. काप करपले, एवढं सांगितलं तरी पुरे.

फेब्रुवारीत तो आला तेव्हा तिने विचारायच्या आधीच पाण्याचा तांब्या पुढे केला. मार्चमध्ये तर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, रोजचे तास पेन्सिलीने मांडून ठेवले होते.

"हे काय?" योगराजने विचारलं.

"तुमचं काम हलकं केलं. तुम्ही स्वतः किती तास फिरता?"

"मला कोणी विचारत नाही."

"मी विचारतेय ना."

तो भट्टीशेजारच्या पाटावर टेकला. "सकाळी सहाची बस. मग पायी. लोक म्हणतात, माहिती देऊन आम्हाला काय मिळणार? कुणी कुत्रं सोडतं. घरी जाऊन टॅब भरतो. बारा तास होतात... कधी तेराही." मग जरा थांबून, "करार जूनपर्यंत आहे. वाढला तर वाढला. नाहीतर आमच्याच फॉर्ममध्ये 'काम शोधतोय' म्हणून माझी नोंद व्हायची."

तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिने गरम वेफर्स कागदावर काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने एक तोंडात टाकला आणि भाजलेल्या जिभेने म्हणाला, "भलता झाक शे!" शिंदखेड्याची बोली अशी अचानक तोंडातून निसटली आणि साहेब कानापर्यंत लाल झाले.

"काय शे?" ज्योत्स्नाने मुद्दाम विचारलं.

"काही नाही. बुधवारचे तास किती म्हणालात?"

ओसरीवर बेबाबाई आत्या वाती वळत बसली होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "त्या पोराले बुधवारचंच लय पडलेलं दिसते व." ज्योत्स्नाने ऐकू न आल्यासारखं केलं.

एप्रिलची भेट चौथी, म्हणजे शेवटची. ऊन नुसतं मी म्हणत होतं. केळीची पानं कडांनी करपलेली, रस्ता ओस पडलेला. त्याने सगळे प्रश्न विचारले, तिने सगळी उत्तरं दिली. मग टॅब बंद केला तरी तो उठेना. तिने उगाच झाऱ्याने तेल ढवळलं. आज सांगेल काहीतरी... सांगेलच...

"बरं," तो शेवटी म्हणाला. "आता पुढच्या महिन्यात दुसरी घरं लागतात."

"पाचवी भेट नसते?"

"नसते."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढचं केळं सोलायला घेतलं. दोघंही इतकी दमलेली होती की साधं भांडणसुद्धा झालं नाही. त्या दिवशी तिने दहा तास काम केलं. लिहून घ्यायला कोणी नव्हतं.

मे महिन्यात एरंडोलचे पाहुणे तिला पाहायला आले. मुलगा एका कंपनीत कायम, पगार दर महिन्याच्या एक तारखेला. आबांना हवा होता तसा नोकरीवाला. बायोडाटा आबांनीच करून घेतला होता. 'गृहकृत्यदक्ष, भरतकामाची आवड.' सुई ज्योत्स्नाने शेवटची हातात धरली ती पोत्याचं तोंड शिवायला. भट्टीचा उल्लेख कुठेच नाही. "पोरगी तेलापाशी बसते असं छापू का?" आबा म्हणाले होते. केळीच्या चिकाने बोटं काळी पडतात, साबणाने निघत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी आत्याने लिंबू घासून घासून तिची बोटं सोलायचीच बाकी ठेवली होती.

पाहुणे बसलेले, चहा फिरतोय, आणि दारात जीप थांबली. जळगावच्या पर्यवेक्षक, चेलना मॅडम. चष्मा, कडक सुती साडी, हातात तसाच टॅब.

"पाच मिनिटं घेते. आमच्या माणसाने भरलेली माहिती मी पुन्हा तपासतेय. ज्योत्स्ना बन्सीलाल, काम आठवड्याला त्रेसष्ट तास. बरोबर आहे?"

एरंडोलकरांचे कप हवेतच थांबले.

"कोन म्हनलं?" आबा घाईने हसले. "पोरगी घरीच राह्यते हो आमची. तिले भरतकामाचा नाद आहे."

चेलना मॅडमनी मान हलवली. त्यांना जणू हेच अपेक्षित होतं. "म्हणजे नोंद चुकीची. मला वाटलंच होतं. मग मला तसं लिहावं लागेल, आणि त्याचा करार पुढच्या महिन्यात..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोट टॅबवर टेकलं.

गप्प राहिलं तर लग्न जमतंय, आबा सुटतायत. आणि तिकडे एक माणूस खोटा ठरतोय, ज्याने तिच्याबद्दल आजवर फक्त खरं लिहिलं होतं. बोललं तर आबांची मान पाहुण्यांसमोर खाली. तिने ट्रे खाली ठेवला.

"नोंद बरोबर आहे, मॅडम."

"ज्योत्स्ना!" आबा.

"सहा ते दहा भट्टी. एक ते चार पाकिटं. पाच ते सात दुकान. सोमवार ते रविवार." तिने हात पुढे केले. नखांच्या कडेला लिंबाला न जुमानणारा काळा चीक अजून होता. "मला भरतकाम येत नाही. त्या माणसाने एक मिनिटही वाढवून लिहिलेलं नाही."

भिंतीवर कॅलेंडर होतंच. मॅडमनी उठून पेन्सिलीचे आकडे वाचले, तिच्या बोटांकडे पाहिलं आणि टॅबवर काहीतरी दाबलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. फाटकापर्यंत ज्योत्स्ना पोचवायला गेली तेव्हा हळूच पुढे म्हणाल्या, "मी का आले सांगू? पहिली भेट सोडली तर बाकीच्या आमच्याकडे फोनवर चालतात. या गावातल्या इतर सगळ्या घरांना त्याने फोनच केले. फक्त तुमच्याच घरी चारही वेळा स्वतः आला, सहाची बस पकडून. संशय येणारच ना?" चष्म्याआडून डोळे मिचकावल्यासारखं झालं. "माझा संशय चुकीच्या गोष्टीवर होता, असं दिसतंय."

जीप गेली तरी ज्योत्स्ना फाटकापाशी उभीच. फोनवर चालतं... चारही वेळा... आणि साहेब बुधवारचे तास विचारत बसले होते!

एरंडोलकरांनी वेफर्सची तारीफ केली, "कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवणार नाहीत, हे शेंबड्या पोरालाही समजलं असतं. आबा त्याच खुर्चीत बसून राहिले. ओरडले नाहीत. कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "त्रेसष्ट?"

"हो, आबा."

"तुही माय बी... इतकंच करे का व?"

"जास्त, आबा. तेव्हा मी होते हाताखाली, तरी जास्त."

आबांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना सहाला अंगणात आली तर भट्टी पेटलेली होती आणि आबा किसणी उलटी धरून बसले होते. तिने ती सुलटी करून दिली.

आठवड्याने, सकाळी दहाच्या सुमाराला, फाटक वाजलं. योगराज. गळ्यात ओळखपत्र नाही, हातात टॅब नाही. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

"पाचवी भेट नसते म्हणे," ज्योत्स्ना म्हणाली.

"नसते... मॅडमनी सगळं सांगितलं मला. करार वर्षभर वाढला. पुढचं माहीत नाही. आबांना नोकरीवाला हवा, आणि मी..."

"बसा त्या पाटावर." तिने कॅलेंडर भिंतीवरून काढलं, कानामागची पेन्सिल हातात घेतली. "आज मी विचारते. मागच्या सात दिवसांत काय केलंत? सोमवारपासून."

"सोमवारी... इकडे यायचं ठरवलं."

"किती तास?"

"दिवसभर."

"मंगळवारी?"

"बसस्टँडपर्यंत आलो. परत गेलो."

"बुधवारी?"

"बुधवारी माले..." तो अडखळला. तयार करून आणलेली सगळी शहाणी मराठी वाटेतच कुठेतरी सांडली. कान लाल झाले. "माले तू भलती आवडस. बुधवारी बी, बठ्ठा दिवस."

ज्योत्स्नाची पेन्सिल कागदावर तशीच टेकून राहिली. डोळ्यांत पाणी आलं, तेही भट्टीच्या धुराशिवाय.

"हे कुठल्या रकान्यात लिहू?" तिने कसंबसं विचारलं.

"लिहू नको. नुसतं ऐक."

"ऐकलं," ती म्हणाली. "मले बी."

ओसरीवरून आत्या खाकरली. कढईपाशी घामाघूम झालेल्या आबांनी मान वळवून दोघांकडे एकदा नीट पाहिलं, आणि झारा हलवत ओरडले, "ज्योत्स्ना, पाव्हन्याले चहा माही बहीन टाकते. तू बस. उठू नको."

सकाळचे दहा वाजून गेले होते. भट्टी चालू होती, आणि ज्योत्स्ना बसली होती.