जवाच्या पिठाचा नवनाथ

गुरुवारी सकाळी सत्यजीत पाच किलो जव घेऊन खुटबावच्या गिरणीत गेला.

"जव? कुणाला शुगर झाली काय रं?" गिरणीवाल्यानं विचारलं.

सत्यजीत ऊन ऊन पिठाची पिशवी सायकलला अडकवून घरी आला. त्या पिठाचा त्याचा थोरला भाऊ करायचा होता.

भाऊ म्हणजे नवनाथ. नौदलात पाणबुडीवर होता. सोमवारी पहाटे पाणबुडी समुद्रातून वर येत होती, तेवढ्यात एका मालवाहू जहाजाचा तळ तिच्यावर आदळला. पोट फाटून ती खाली गेली. मंगळवारी घरी तार आली. बेपत्ता, शोध चालू. आणि बुधवारी त्याच्या बापानं, पोपटरावांनी, पोरगा मेला असं ठरवून टाकलं.

कारण शुक्रवारी पंचक लागत होतं. पंचकात मेल्याचं काही केलं तर घरातले आणखी पाच जातात, असं भटजी म्हणाले. देह नाही तर पुतळा करा, पण गुरुवारी जाळून मोकळे व्हा. शिवाय श्रद्धांजलीला येणाऱ्या सभापतींनाही गुरुवारचीच दुपार सवडीची होती. ओट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. या लोकांना पोरांच्या जगण्यातलं काही कळत नाही, मरणातलं मात्र सगळं कळतं.

"मामा, बेपत्ता म्हंजी मेलं न्हवं," नवनाथची बायको सुलक्षणा दाराआडून सासऱ्यांना म्हणाली.

"तीन दिस पान्याखाली जगायला मासा हाय का त्यो? आन् मागनं पाच गेलं म्हंजी? तुझं पोरगं बी त्यात आलं."

सुलक्षणाला कसं गप्प करायचं, ते पोपटरावांना बरोबर ठाऊक होतं.

"आबा, आठ दिस थांबू," सत्यजीत म्हणाला.

"कॉलेज सोडून गावभर हिंडणाऱ्यानं मला शिकवू नये."

झुंबरआत्यानं पुतळा केला. नारळाचं डोकं, दर्भाची हाडं, वर जवाचं पीठ थापून मांस. रडत रडत तिनं नवनाथच्या भुवईवरची खोकसुद्धा बोटानं उठवली. सत्यजीतनं पायाकडून उचलला तेव्हा त्याला वाटलं, दळून चार तास झाले, पीठ अजून गार कसं होत नाही...

बरोबर बारा वाजता, नदीकाठी, लख्ख उन्हात त्यानं अग्नी दिला. त्यानं म्हणजे, बापानं त्याचं मनगट धरून पुढं ढकललं. आग डोक्याकडून छातीवर आली. मग पुतळ्याचे हात कोपरात वाकून वर उठले, कुणीतरी आग झटकावी तसे. नारळ फुटला. वास आला तो पिठाचा नव्हता. पाटलांच्या म्हाताऱ्यानं नाकाला उपरणं लावलं आणि म्हणाला, "तूप जळतंय." सगळे म्हणाले, व्हय, तूपच.

शनिवारी नौदलाचा ट्रक पेटी घेऊन आला. बरोबर निमोण्याचा नागसेन होता. नौदलात पाणबुड्या, म्हणजे समुद्रात बुडी मारणारा, नवनाथचा दोस्त. पेटी उघडायची नाही, असा हुकूम होता. सत्यजीतनं त्याला ट्रकच्या मागं गाठलं.

"खरं सांगा. बुडून गेला का?"

नागसेननं दोन्ही बाजूंना बघितलं. "सातजण आत अडकले व्हते. छातीपतुर पानी, वर हवा. मी भाईरनं हातोडी मारायचो, आतनं टकटक यायची. रोज. गुपित म्हनून साहेबांनी कुणाला कळवू दिलं न्हाई."

"कवापर्यंत टकटक यायची?"

"गुरवारी दुपारपतुर. बारा वाजता मी पत्र्याला हात लावला तर... पत्रा तापला व्हता. समुद्राच्या तळाला, सत्यजीत. पाचला आमी झाकण कापलं. सहाजण जित्ते निघाले."

सत्यजीतनं ट्रकचं फळकूट धरलं.

"सहाच्या सहांचे तळवे भाजलेले. नवनाथला इझवाया गेले व्हते. पान्यात बुडवला तरी इझंना, म्हनत्यात. डोक्याकडनं पेटला. अन् शेवटपतुर एकच वरडत व्हता... सत्या, इझव रं. सत्या, इझव."

नदीवर लाकडं रचून तयार होती. अग्नी एकदा देऊन झालाय, आता पंचकाची बाधा नाही, असं भटजी म्हणाले होते. पोपटरावांनी पेटता टेंभा पुढं केला. "घे. दे अग्नी."

"न्हाई." सत्यजीत पेटीच्या आडवा झाला आणि नागसेननं सांगितलेलं सगळं त्यानं गावासमोर ओरडून सांगितलं. "पाच तास, आबा! पाच तासांनी त्यो भाईर आला असता. तुमी जाळला त्याला. माझ्या हातानं!"

"कुणाचं ऐकतोय? आडनाव तरी इचारलं का त्याचं?"

सत्यजीतनं बाभळीचं लाकूड उचलून बापाच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. टेंभा मातीत पडून विझला. चुलत्यांनी सत्यजीतला लाथांनी तुडवला, दोन दात पाडले, पण पेटीची कडी त्यानं सोडली नाही.

"येडा झालाय!" पोपटराव कळवळत ओरडले. "बर्फातनं आणलीय पेटी. गार हाय. ह्ये बघा!" आणि धड राहिलेला हात त्यांनी झाकणावर दाबला.

चर्र झालं. हात निघेना. चौघांनी ओढला तेव्हा तळव्याचं कातडं झाकणावरच राहिलं. पोपटराव गुरासारखे ओरडत होते. त्याच पेटीच्या कडीला मघापासून सत्यजीत लोंबकळत होता. त्याच्या हाताला साधा फोडसुद्धा नव्हता.

मग अग्नीचं नाव कुणी काढलं नाही. भटजी कधी निघून गेले ते कळलंही नाही. सत्यजीत आणि नागसेन या दोघांनीच खड्डा खणला आणि पेटी मातीत ठेवली. खड्डा खणताना सुलक्षणा एवढंच म्हणाली होती, "भावजी, खोल खणा."

याला आता सहा वर्षं झाली. पोपटरावांना दोन्ही हातांनी घास उचलत नाही, झुंबरआत्या भरवते. सत्यजीत रोज नदीच्या दोन घागरी भरून त्या जागेवर ओततो. पाणी जिरत नाही, नुसतं सुकून जातं. गावात कुणी त्याबद्दल बोलत नाही.

फक्त थंडी पडली की गावातली सगळी कुत्री सांजेला नदीवर जातात आणि तेवढ्याच मातीवर अंगाला अंग लावून, उबेला झोपतात.