डाव्या दिव्यावरचा लाल ठिपका

तो मुलगा औषध कधीच घेत नसे. आगाशी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये यायचा, काउंटरवर जरा वाकायचा आणि हळूच विचारायचा, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप आहेत का… त्या गोल, पारदर्शक फुगवट्याच्या?

काउंटरवर बसणाऱ्या लिडियाकडे असायच्या. म्हातारी माणसं ‘हीच गोळी दे’ म्हणून दाखवायला आणतात आणि तिथेच टाकून जातात. देताना त्याची बोटं तिच्या बोटांना पुसटशी लागत, आणि मग दुपारभर ती खोकल्याचं औषध मागणाऱ्यापुढे पोटाचं काढून ठेवी.

पण ते फुगवटे हृदयाच्या गोळीचे होते. धडधाकट दिसणाऱ्या पोराला रिकाम्या स्ट्रिप कशाला हव्यात? औषध घेतलं असं घरी दाखवायला, दुसरं काय! लिडियाने परस्पर निदान करून टाकलं आणि रविवारी चर्चमध्ये, मिस्सात, आजाऱ्यांच्या प्रार्थनेत त्या बिननावाच्या मुलालाही घुसवलं. तिचे पप्पा, प्लासिड, असेच गोळ्या चुकवत, हसत हसत गेले होते. हा मुलगा तिला आवडू लागला होता, आणि पुन्हा कुणाला तसं गमवायची तिच्यात ताकद नव्हती.

श्रावणातल्या एका संध्याकाळी लाईट गेले होते, दुकानात चिटपाखरू नव्हतं. तो आला, आणि तिला राहवलं नाही.

“गोळ्या घेत का नाही तुम्ही?”

तो आधी गोंधळला, मग खूप हसला. त्याचं नाव सॅन्टन, राहायला कळंबला. तो छोट्या मॉडेल गाड्या बनवायचा. फुगवटा कापायचा, आतून सुईने बारीक रेषा ओढायच्या, मागे त्याच स्ट्रिपची चांदी लावायची… की झाली हेडलाईटची काच, हुबेहूब. लिडियाच्या जीवात जीव आला. मग त्याने पिशवीतून एक खोका काढून उघडला.

आत पांढरी फियाट होती. डाव्या दिव्यावर लाल ठिपका.

लिडियाने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तेव्हा समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून सगळ्या गाड्यांच्या दिव्यांवर काळा ठिपका असायचा, म्हणून लहानपणी तिने आईच्या नेलपॉलिशने पप्पांच्या फियाटच्या डाव्या दिव्यावर लाल काढला होता. पप्पांनी तो कधी पुसू दिला नाही. शाळेसमोर येऊन ते दोनदा डिपर मारत – चल, बस. ते गेल्यावर गाडी भंगारात गेली होती. घरात त्या गाडीचा एक फोटोसुद्धा नव्हता.

“हा ठिपका… कुणी सांगितला?”

“ज्यांची ऑर्डर आहे, त्या अंकलनी. तिन्हीसांजेला माझ्याकडे येतात, खिडकीत बसतात. स्ट्रिप इथेच माग, तिथली मुलगी देईल, असं तेच म्हणाले.” सॅन्टनचा आवाज खाली गेला. “एक सांगू? काच झाली की मी डोळ्यासमोर धरून बघतो. तिच्यात खिडकी दिसते, माड दिसतो, मी दिसतो… अंकल दिसत नाहीत.”

बाहेर रस्ता रिकामा होता, तरी दुकानात पेट्रोलचा आणि पप्पांच्या बामचा वास भरला होता. लिडियाला भीती वाटली, आणि त्या भीतीतही फार बरं वाटलं.

“काल म्हणाले, गाडी तिला नेऊन दे. आणि मनातलं एकदाचं बोलून टाक.” त्याने मान खाली घातली. “गाडीला दिवे दोनच असतात, लिडिया. मला दोनच फुगवटे हवे होते… ते पहिल्याच दिवशी मिळाले होते.”

तिने त्याला आपलं नाव कधी सांगितलं नव्हतं.

ती काही बोलणार, तोच काउंटरवरच्या फियाटचे दिवे लागले. पिवळे, मंद. विझले. पुन्हा लागले.

“आत बल्ब नाहीये,” सॅन्टन पुटपुटला.

“माहितेय.”

डोळे पुसत तिने गाडी ओढणीत गुंडाळली, शटर ओढलं आणि त्याच्या बाइकवर मागे जाऊन बसली. पावसाने ओल्या शर्टवर हात ठेवताना त्याची छाती जोरात धडधडत असलेली तिला कळली.

“हळू चालव,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “पप्पा मागून येतायत.”