बिनआवाजाची गाडी

आभाळ भरून आलं की वाकडेवाडीच्या रस्त्यावर भर दुपारी दिवे लागतात. त्या दिवशीही लागले होते. युनलानच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक नव्हतं आणि तिथली विक्रेती चैताली काचेपाशी उभी राहून रस्ता बघत होती. तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ आत आले.

युनलान ही चिनी कंपनी, स्वस्तातल्या विजेच्या गाड्या बनवणारी. तिच्या तिन्ही गाड्या ओळीनं उभ्या होत्या: चिमुकली पिंग, मधली लुओ आणि ऐसपैस शान. चिनी म्हटल्यावर लोक आधी नाक मुरडत, मग किंमत ऐकून हळूच आत बसून बघत. या गृहस्थांनी किंमत विचारलीच नाही. तात्याराव त्यांचं नाव. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. तिन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर त्यांनी तळहात दाबून पाहिला आणि म्हणाले, "हिचा आवाज खरंच येत नाही ना?"

"पंख्याएवढासुद्धा नाही, काका."

"मग थांबली, हे आत बसलेल्याला कळतं का?"

"बाहेर बघितलं तर कळतं," चैताली म्हणाली.

ते हसले नाहीत. आपल्या गल्लीत पिंग मावते का, तेवढं बघू या म्हणाले. गाडीशी आल्यावर त्यांनी आधी मागचं दार उघडलं, जरा वेळ तसंच धरून ठेवलं, हलकेच लावलं आणि मग स्वतः पुढे, चैतालीच्या शेजारी बसले.

गाडी रस्त्याला लागली तशी पडद्यावर एक लाल दिवा लागला. मागच्या डाव्या सीटवर माणूस आहे, पट्टा लावलेला नाही. टिंग... टिंग...

"मागे पिशवी वगैरे ठेवलीत का, काका?"

"नाही." तात्याराव समोर बघत राहिले. "राहू द्या. तिला पट्टा आवडत नाही."

ती म्हणजे गाडी, असं चैतालीनं समजून घेतलं.

खडकीत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. तात्याराव उतरले. मागच्या दाराकडे त्यांनी पाहिलंही नाही. खालमानेनं, त्या वयाला शोभणार नाही इतक्या झपाझप, ते गल्लीत शिरले आणि दिसेनासे झाले.

दिवा लालच होता.

परतताना चैतालीला वास आला. छातीला चोळायच्या मलमाचा, आणि त्याखाली बंद खोलीत पडून असलेल्या आजारी माणसाचा. तिनं काच खाली केली. वास गेला नाही. शोरूमच्या मागच्या आवारात गाडी लावून तिनं कुलपाचं बटण दाबलं, तर गाडी कुलूप घेईना. पडद्यावर अक्षरं उमटली: आत प्रवासी आहे.

तिनं मागचं दार उघडून सीटवर हात ठेवला. सीट कोमट होती. मधोमध दबलेली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत आणखी थोडी दबली, कोणीतरी कूस बदलावी तशी.

तिनं लगेच तात्यारावांना फोन लावला.

"काका, गाडीत कोण आहे?"

"शैला. माझी बायको." ते फार हळू बोलत होते. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. दम्याचा झटका आला म्हणून हॉस्पिटलला निघालो होतो. रेल्वेचं फाटक पडलं, मी इंजिन बंद केलं. तिनं विचारलं, पोहोचलो का? मी म्हटलं, हो, पोहोचलो. तिला धीर यावा म्हणून... आणि तिथंच गेली ती."

"मग?"

"तेव्हापासून विचारते. माझ्या उशाशी येऊन विचारते. जुन्या गाडीतून मी तिला हॉस्पिटलला न्यायला निघतो, पण वाटेत कुठंही इंजिन बंद पडलं की पोहोचलो समजून ती उतरते आणि माझ्या आधी घरी येते. या गाडीत बंद पडायला काही नाही, म्हणून आलो होतो. आज नेणारच होतो, ताई. पण गल्ली दिसली आणि पाय घराकडे वळले. आज पहिल्यांदा घर रिकामं आहे..."

"तुम्ही तिला इथं सोडून गेलात," चैताली म्हणाली. फोन बंद झाला.

गाडी तशीच टाकून घरी जावं, असं तिच्या मनात आलं. उद्या याच सीटवर एखादं कुटुंब पोराबाळांसह बसलं असतं. ती दारापाशी तशीच घुटमळली. तेवढ्यात आतून, शिट्टीसारख्या बारीक श्वासाच्या मधून, थकलेला आवाज आला.

"पोहोचलो का?"

चैताली एक पाऊल मागे सरकली. पण त्या आवाजात राग नव्हता. दमलेलं माणूस विचारतं, तसं विचारणं होतं ते.

"नाही, काकू," ती म्हणाली. "अजून थोडं आहे. नेते मी तुम्हाला."

तिनं पुन्हा फोन लावून तात्यारावांकडून हॉस्पिटलचं नाव तेवढं विचारून घेतलं. वाटेत रेल्वेचं ते फाटक पडलेलंच होतं. आजूबाजूच्या रिक्षा, मोटारसायकली एकेक करून बंद झाल्या. पिंग मुकाट उभी होती. मागे श्वासाची शिट्टी वाजत होती. चैतालीनं आरशात पाहिलं नाही. तिला ते जमलं नसतं.

तातडीच्या विभागासमोर तिनं गाडी थांबवली, उतरली, मागचं दार उघडलं आणि बाजूला सरकली.

"काकू, आता पोहोचलो. खरंच पोहोचलो. सावकाश उतरा."

सीट हळूहळू वर आली. मलमाचा वास तिच्या अंगावरून पायऱ्यांकडे गेला. काचेचं दार समोर कोणी नसताना सरकून उघडलं आणि मिटलं. पडद्यावरचा दिवा विझला.

चैतालीला रडू आलं. तात्यारावांना फोन करून ती एवढंच म्हणाली, "पोहोचवलं." पलीकडे ते लहान मुलासारखे हुंदके देत राहिले.

डोळे पुसून तिनं मागचं दार लावायला हात पुढे केला, तर ते जड लागलं. कोणीतरी आत चढताना धरलं असावं तसं. मग एकदम सुटलं आणि आपणहून लागलं. ती कशीबशी पुढे जाऊन बसली. गाडी हॉस्पिटलच्या आवाराबाहेर वळते न वळते तोच पडद्यावर एक लाल दिवा लागला. मग दुसरा. मग तिसरा. मागची अख्खी सीट.

टिंग... टिंग... टिंग...

चैताली श्वास रोखून बसली. तिच्या पाठीमागे पट्टे सावकाश ओढले गेले, आणि एकापाठोपाठ एक, आज्ञाधारकपणे, तिन्ही खटके लागले.