डाव्या पायाची झीज

कारापूरच्या अलीकडे, चढणीच्या वळणावर राखणदाराची, म्हणजे गावाची शीव राखणाऱ्या देवाची, जांभ्या दगडाची घुमटी आहे. तिच्या पायरीवर प्राध्यापक गौरेश यांनी आपले काळे बूट नीट जोडून ठेवले आणि आत जाण्यापूर्वी ध्वनिमुद्रक तपासला. ही त्यांची चौतिसावी मुलाखत होती. आधीच्या तेहतीस वाया गेल्या होत्या.

शहाऐंशी सालच्या भाषा आंदोलनाचा इतिहास लिहितो आहे, असे ते पणजीतल्या सहकाऱ्यांना सांगत. खरे तर त्यांना एकच वाक्य हवे होते: देवेशला पोलिसांच्या गाडीत चढताना मी पाहिले. ते कोणी उच्चारले असते, तर दोष पोलिसांवर गेला असता आणि एकोणचाळीस वर्षे उराशी बाळगलेल्या अपराधातून त्यांची सुटका झाली असती. पण लोकांना घोषणा आठवत, हारतुरे आठवत. आपल्यातलाच सोळा वर्षांचा मुलगा आठवत नसे. तेहतीस जणांनी मराठीसाठी खाल्लेल्या लाठ्या मोजून दाखवल्या. देवेशचे नाव निघताच तेहतीसही जणांना चहाची आठवण झाली.

त्या दिवशी रस्ता अडवण्यासाठी मुलांनी घुमटीमागचा सातवण तोडला होता. झाड राखणदाराचे. त्याच्या हद्दीतली फांदी तोडायची तरी आधी कौल लावावा लागतो. पाषाणाला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली, तरच होकार. मुलांनी कौल लावला नाही. क्रांतीला सवड नव्हती. वहाणा मात्र प्रत्येकाने काढल्या, कारण देवाच्या झाडावर पायताण घालून कुऱ्हाड कशी चालवायची? या धर्मबुद्धीचे गौरेशना अजून हसू येई, आणि हसता हसता दातांवर दात आवळले जात.

गाडी आली तशी पळापळ झाली. गौरेशच्या उजव्या वहाणेला वडिलांनी तांब्याचा खिळा मारला होता, पण तो शोधायला वेळ कुठला? ढिगातून हाताला लागली ती जोडी त्याने पायांत सरकवली.

"गौऱ्या, त्यो म्हज्यो!" मागून देवेश ओरडला. डावा पाय ओढत चालणारा तो मुलगा दुसरे काही मिळते का, ते पाहायला झाडाकडे परत वळला. गौरेश थांबला नाही. संध्याकाळी त्याने देवेशच्या वहाणा वाळवंटी नदीत टाकल्या. देवेश त्यानंतर कोणालाच दिसला नाही.

घुमटीत सगुण घाडी वाती वळत बसला होता. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालणारा हा म्हातारा त्या दिवशीही इथेच होता.

"तुम्ही पळाला नाहीत, सगुणदादा?"

"पळून वचूं खंय, पात्रांव? देव एकटो पडता न्हय?"

"देवेशला गाडीत घातले का?"

सगुणने नुसते भिंतीकडे बोट केले. तिथे हातभर लांबीच्या चामडी वहाणांच्या जोड्या टांगल्या होत्या. गाव दरसाल राखणदाराला एक नवी जोडी अर्पण करते. तो शीव फिरतो आणि वर्षभरात ती झिजते. जुन्या जोड्या सरळ झिजल्या होत्या. झाड पडल्यानंतरच्या सगळ्या जोड्यांत फक्त डाव्या वहाणेचा अंगठा खरवडला होता.

"उंदीर," गौरेश म्हणाले. "शिवाय दमट हवा."

"व्हय? आनी ह्या उंदरांक दावोच पांय रुचता?"

"मला कथा नको आहे. साक्ष हवी आहे."

"तीच दाखयतां." सगुणने वात तेलात बुडवली. "औंदा नवी जोडी केली नाय. करूं काय म्हणून कौल लायलो, पाकळी दावी पडली. मागीर विचारलें, जोडी आपसूक येतली काय? उजवी पडली."

"कधी येणार?"

"तें विचारपाचें ऱ्हावलें." म्हाताऱ्याची नजर गौरेशच्या अनवाणी पावलांवर स्थिरावली. "बाब, तुमचे बूट खंय दवरले?"

गौरेश संतापाने उठले. चौतिसावी मुलाखतही वाया गेली होती.

बाहेर लख्ख ऊन होते.

पायरीवर बूट नव्हते.

त्या जागी तितक्याच नीट जोडून एका मुलाच्या वहाणा ठेवल्या होत्या. उजवीच्या पट्ट्यावर तांब्याचा खिळा चमकत होता.

रस्त्यावरच्या लाल धुळीत त्यांच्या बुटांचे ठसे चढणीकडे गेले होते. प्रत्येक डाव्या ठशामागे एक लांब ओरखडा होता.

 

ते पायरीवर बसले आणि त्यांनी डाव्या वहाणेवर तळहात टेकला. अंगठ्याशी चामडे पार खरवडले होते. ते घामाने ओले होते आणि अजून उबदार होते.