मधली पायरी

श्यामला गेल्याचं श्रीनिवासला कळलं ते १४ ऑगस्ट २००७ ला, मंगळवारी, दुपारी सव्वातीन वाजता. पुण्यात, शिवाजीनगरच्या त्याच्या ऑफिसात. वेळ पक्की आहे. तैवानहून आलेल्या पार्सलच्या कागदावर त्याने नुकतीच ती लिहिली होती. पेन खाली ठेवायच्या आत दवाखान्यातून फोन आला. सिंहगड रोडला तिच्या स्कूटरला टँकरने उडवलं होतं.

पुढचं ज्याला खोटं वाटेल, त्याने खुशाल वाटून घ्यावं.

पार्सलमध्ये चिप होत्या. कानाच्या मशीनसाठी. आकड्यांतून आवाज घडवणाऱ्या, नखाएवढ्या सेलवर आठवडाभर चालणाऱ्या. नवरा-बायकोने मिळून दीड वर्ष खपून केलेल्या. आराखडा बनवायला तैवानला पाठवायच्या आदल्या दिवशी श्यामला म्हणाली होती, "श्री, मधल्या पायरीवर काहीतरी वाकडं आहे. दोन दिवस दे."

"कॉम्प्युटर सरळ म्हणतोय. त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?"

त्याने पाठवून दिला.

तेरावा झाल्यावर तो लॅबमध्ये आला. श्यामलाची एक पद्धत होती. मीटर लावण्याआधी चिपला नुसती शांतता द्यायची आणि हेडफोन लावून मिनिटभर ऐकायचं. चिप आकड्यांप्रमाणे पायऱ्या-पायऱ्यांनी आवाज वर-खाली करते, म्हणून शांतता म्हणजे बरोबर मधली पायरी. ती वाकडी असेल तर तिथेच कळतं.

त्याने हेडफोन लावला.

शांतता...

मग एसीची घरघर गेली. रस्त्यावरचे हॉर्न गेले. स्वतःचा श्वासही ऐकू येईना...

"हं."

नाकातून. तुटक. दुसऱ्याच्या कामात चूक सापडली की श्यामला करायची तसं.

त्याने चिपचा सेल काढला.

"हं."

त्याचा साहेब, दिगंबर, काचेतून बघत होता. तो आत आला. श्रीनिवासने हेडफोन त्याच्या कानांवर ठेवला.

दिगंबरचा चेहरा उतरला. हेडफोन हळूच टेबलावर ठेवत तो म्हणाला, "नॉईज आहे."

"नॉईजला माझ्या बायकोचा आवाज कुठून आला?"

"घरी जा. एखादी शांत करून घे. माझ्या ओळखीचे गुरुजी आहेत."

"म्हणजे तिला गप्प करू? ती बरोबर होती. चुकलो मी."

"मीटर काय म्हणतो ते सांग."

मीटरवर मधली पायरी किंचित बुटकी होती. पण ठरलेल्या मर्यादेच्या आत.

"झालं तर. रिपोर्टवर सही कर. माल जाऊ दे."

"नाही करत."

"श्रीनिवास, भुताच्या तक्रारीसाठी आपल्याकडे फॉर्म नाही."

"मग छापून घे. हे मशीन तुझ्या आईच्या कानात घालशील?"

दिगंबर निघून गेला.

मधली पायरी आली की चिपमधला सर्वांत मोठा प्रवाह चालू होतो. तो बत्तीस एकसारख्या छोट्या स्रोतांचा बनलेला असतो. त्यातला एक कमी पडतोय. श्रीनिवास रोज सूक्ष्मदर्शकाखाली सुई टेकवून एकेक तपासतो. अठरा झाले. अठराही सारखे.

काल तर हेडफोन टेबलावरच होता. वायर काढलेली...

"हं."

अगदी मानेजवळ.

तो घाबरला. पण मागे वळून बघितलं नाही.

"बघतोय ना," म्हणाला. "तूच सांग की कुठला ते."

त्याने सुई पुढच्या स्रोतावर टेकवली.

चौदा स्रोत तपासायचे राहिलेत. सही केलेली नाही.