कानिशायची पिशवी

"माझ्या बायकोची अंडी चोरीला गेली," म्हातारा म्हणाला.

याकूब खिडकीपाशी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. त्याचा हात थांबला. "कोंबडीची?"

"माशांची."

याकूबला हसू येत होतं. बुरुलनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्यानं बियांची पुडी खिशात टाकली.

बुरुल पूर्वी सरकारी तपासनीस होती. नोकरी सुटल्यावर बिश्केकमध्येच जुन्या बाजारामागे एक खोली घेऊन लोकांची कामं करायची. याकूब तिची गाडी चालवायचा, तिला एजे, म्हणजे ताई म्हणायचा आणि न विचारता मतं द्यायचा.

म्हाताऱ्याचं नाव तुर्दुबेक. जन्मभर ट्रॉलीबस चालवली होती. डोक्यावरची टोपी त्यानं काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"पोलिसांकडे गेलो होतो. ते हसले. हसू देत. कानिशाय गेली या शरद ऋतूत. तिचे किलीफिश होते. हे मासे वर्षभरसुद्धा जगत नाहीत. अंडी घालतात आणि मरतात. ती अंडी ओलसर पीटमध्ये ठेवायची. पीट म्हणजे दलदलीतली काळी माती. महिनोन्‌महिने तशीच. आत पिलाचे डोळे दिसायला लागले की थंड पाण्यात सोडायची. मग काही तासांत पिलं बाहेर."

"ही अंडी आली कुठून?"

"रीगाच्या एका माणसाकडून तिनं विकत घेतली होती, तरुणपणी. पोस्टानं पाकीट आलं. उघडलं तर आत चिमूटभर चिखल. मी म्हटलं, बाई, तू माती विकत घेतलीस." तो थांबला. "तेव्हापासून दरवर्षी तीच माती. रीगाचा माणूस मेला, बाकी सगळ्यांचे मासे संपले. आता ती जात फक्त आमच्या घरात होती. ती गेली तेव्हा टाक्या रिकाम्या होत्या. एवढी एक पिशवी मागे ठेवून गेली. म्हणाली, हिवाळ्यात भिजव. बाकी मला काही जमलं नसतं, पण एवढं जमलं असतं."

"भिजवलीत?"

"काल. मासेवाल्यांच्या क्लबचा गेन्नादी आला होता. पिलं जगली तर पुढची अंडी त्याला विकत हवी होती. त्यानंच पिशवी ट्रेमध्ये उलटी केली, बर्फाचं पाणी ओतलं. थोड्या वेळानं भिंग लावून बघितलं आणि ओरडला. एकही अंडं नाही, म्हणाला. मेलेलंसुद्धा नाही. कुणीतरी पिशवी बदलली. मी म्हटलं, तूच बदललीस. मग आमची झटापट झाली."

"तुम्हाला काय हवंय? चोराला शिक्षा?"

"अंडी हवीत. ती जिवंत आहेत तोवर भिजवता येतील."

*

तुर्दुबेकचं घर चौथ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघर अरुंद. शेगडी, तिच्या बरोबर वर लाकडी फळी. फळीवरचं छत पिवळं पडलं होतं.

"पिशवी इथेच असायची?"

"इथेच. तिला ऊब लागते. कानिशायनं ठेवली तिथून मी हलवली नाही. हातसुद्धा लावला नाही."

बुरुल स्टुलावर चढली. फळीला बोट लावलं. बोट चिकटलं. सगळ्या फळीवर तेलकट थर होता, फक्त मधे तळहाताएवढा चौकोन स्वच्छ.

रिकामी पिशवी टेबलावर पडली होती. तिनं ती बोटांत चोळून पाहिली. प्लास्टिक कोरडं, गुळगुळीत होतं. शेजारी लोकरीचा लाल धागा होता.

"याच धाग्यानं बांधलेली होती?"

"हो. तिचीच गाठ. एक टोक ओढलं की सगळी सुटते. म्हणून तर मला शंका आली नाही."

ट्रे अजून तसाच होता. पाणी तांबूस लाल. बुरुलनं वाकून वास घेतला.

तुर्दुबेकनं चहा आणि बशीभर बोरसोक ठेवले, तळलेल्या पिठाचे फुगीर तुकडे. "शुक्रवारचे आहेत, शिळे झालेत. दर शुक्रवारी तळतो. गेलेल्यांना तेलाचा वास पोचतो म्हणतात, तिच्यापर्यंत पोचायला हवा ना. तिच्या आईसाठी ती तळायची, आता तिच्यासाठी मी. पहिल्यांदा सगळे जळाले. आता जमतात." त्यानं कपात डोकावून पाहिलं. "चहा पातळ आहे, माफ करा. मोठा पुडा गेल्या आठवड्यात आणला होता. कसा संपला कोण जाणे."

चहाला डोंगरातल्या ओव्याचा वास होता. "हा ओवा?"

"कानिशायनं घाटातून आणलेला. पुड्यात मिसळून ठेवायची. शेवटची मूठ उरली आहे."

"अंडी शेवटची कुणी पाहिली?"

"माझ्या मुलीनं, बेगायिमनं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला भिंगातूनही धूसर दिसतं. शुक्रवारी ती कणीक मळायला आली होती. मी नमाजाला निघताना म्हटलं, पोरी, जरा अंडी बघून ठेव, रविवारी गेन्नादी येतोय. परत आलो तर म्हणाली, आहेत." त्याचा चेहरा आंबट झाला. "आणि वर म्हणाली, अता, इथे तळू नका, माझ्याकडे येऊन तळा. आईसाठी तळायचं, तेही हिच्या परवानगीनं?"

"मग तळलंत?"

"तळलं तर! माझं घर आहे."

"त्यानंतर घर सोडून कुठे गेलात?"

"कुठे जाणार? आज पोलिसांकडे आणि तुमच्याकडे आलो तेवढाच."

*

वरच्या मजल्यावर लिदिया कार्लोव्ना राहायची. दार अर्धंच उघडून ती बोलली.

"मासे? मला माशांचं काही नाही. धुराचं आहे! दर शुक्रवारी झरोक्यातून निळा धूर. माझे पडदे बघा. कानिशाय होती तेव्हा असं नव्हतं. ती तळायची वर्षातून एकदोनदा. आणि हा? सगळ्या गल्लीला जेवण आहे असा तळतो."

"या शुक्रवारीही?"

"संध्याकाळी, हो. दुपारी मात्र चहाचा वास येत होता. ओव्याचा. नुसती वाफच वाफ, जसं काही लग्नाचा चहा उकळतोय." तिचा आवाज खाली आला. "मला वाटलं कानिशायच परत आली. जिन्यात जाऊन उभी राहिले मी. वेडी बाई."

गेन्नादी पावलोविच तळघरात भेटला, टाक्यांच्या रांगेत, बाह्या वर सरसावलेल्या. गालावर ओरखडा होता.

"म्हाताऱ्याचा प्रसाद," तो म्हणाला. "मी चोरीन? मला ती अंडी हवी होती, हो. म्हणून तर गेलो. पण विकत! चोरली तर दाखवू कुणाला? सगळ्या शहराला माहीत आहे ती जात कुणाकडे होती."

"पिशवी बदलायची झाली तर तुम्ही आत काय भराल?"

त्यानं कोपऱ्यातल्या पोत्याकडे हात केला. "पीट. दुसरं काय? पोतंभर पडलंय."

गाडीत बसताच याकूब म्हणाला, "हाच तो. पिशवी यानंच उलटी केली, एजे. हातचलाखी."

"आणि गाठ?"

"गाठीचं काय?"

"बघू."

*

बेगायिम शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दारात तिनं त्यांना ओळख विचारली आणि ऐकताच तिचा चेहरा मिटला.

"शुक्रवारी मी पाहिली. होती. मग मला काय माहीत?"

"वडिलांना तुमच्याकडे आणायचा विचार आहे?"

"आहे. घर विकावं असंही म्हटलंय. लिहून घ्या, मुलगी लोभी आहे." तिनं पदार्थ मांडले, स्वतः काही घेतलं नाही. मग अचानक विचारलं, "त्यांनी शुक्रवारी तळलं?"

"तळलं."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

निघताना तिनं याकूबला सुक्या जर्दाळूंची पुरचुंडी दिली. "त्यांच्याकडे गेलात तर द्या. माझा फोन उचलत नाहीत."

गाडीत याकूबनं पुरचुंडीच्या दोऱ्याचं एक टोक ओढलं. सगळी एकदम सुटली. जर्दाळू त्याच्या मांडीवर सांडले.

"गाडी इथेच थांबव," बुरुल म्हणाली. तिनं सुटलेला दोरा उचलून हातात घेतला.

*

दुसऱ्या दिवशी सगळे तुर्दुबेकच्या स्वयंपाकघरात जमले. गेन्नादी दाराला टेकून उभा. बेगायिम स्टुलावर, पर्स मांडीवर घट्ट धरून. बाहेर बर्फ पडत होतं.

बुरुलनं ट्रे पुढे सरकवला. "हे पीट नाही. चहाचा चोथा आहे, पिळून घेतलेला. वास घ्या, ओवा अजून लागतो. म्हणजे पिशवी याच घरातल्या चहानं भरली. म्हणून नवा पुडा संपला. क्लबच्या माणसानं पीट वापरलं असतं, त्याच्याकडे पोतं आहे. गेन्नादी पावलोविच, तुम्ही सुटलात."

गेन्नादीनं गालावरून हात फिरवला. "उपकार झाले."

"चहा उकळला शुक्रवारी दुपारी. वर लिदिया कार्लोव्नांना वास आला. तेव्हा तुर्दुबेक मशिदीत होते आणि घरात एकच माणूस होतं. पिशवी त्यानंतर बदललेली असणं शक्य नाही, तुर्दुबेक घरातून हललेच नाहीत. आणि नव्या पिशवीला कानिशायची गाठ होती. ती गाठ काल याकूबनं सोडली, जर्दाळूंच्या पुरचुंडीची."

तुर्दुबेक मुलीकडे वळला. "तू? आईची अंडी? घरासाठी? मी इथे बांधला जाऊ नये म्हणून?"

बेगायिम खाली मान घालून बसली होती. "हो," ती म्हणाली. "त्यासाठीच."

"ते खोटं आहे," बुरुल म्हणाली. "चोरी झालेली नाही. माझं काम इथे संपलं."

"पण मग का?" गेन्नादी म्हणाला. "अंडी असताना कुणी—"

"गप्प बसा," याकूब म्हणाला. त्याला आत्ताच समजलं होतं. तो वर छताकडे पाहत होता.

तुर्दुबेकनं त्याची नजर पाहिली. तोही वर पाहू लागला. मग उठला, हात उंचावून फळी चाचपली. बोटं नाकाशी नेली. शेगडीकडे पाहिलं, तिच्यावरच्या काळ्या कढईकडे पाहिलं.

"आई तळायच्या आधी पिशवी खाली काढायची," बेगायिम म्हणाली. "ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, अता. शुक्रवारी मी पिशवी काढली तर हाताला चिकटली. भिंग लावलं. अंडी सगळी पांढरी होती. रविवारी गेन्नादी पावलोविच तुमच्यासमोर म्हणाले असते, ही शिजली आहेत. आईचं पीट सगळं त्या पिशवीतच होतं, म्हणून चहा भरला. मला वाटलं, पिलं निघाली नाहीत एवढंच तुम्हाला कळेल. हे चोरीबिरीचं माझ्या डोक्यात नव्हतं."

तुर्दुबेक खाली बसला.

"तिच्यासाठीच तळत होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे, अता."

"तू फेकलीस?"

तिनं पर्स उघडली. आत रुमालात गुंडाळलेली तेलकट पिशवी होती. ती तिला टाकवली नव्हती.

गेन्नादीनं चिमूटभर पीट हातावर घेऊन भिंगातून पाहिलं. मग दुसरी चिमूट. खूप वेळ लावला त्यानं.

"पांढरीच आहेत," तो म्हणाला. "मी खोटं सांगणार नाही, तुर्दुबेक. मला आशा वाटत नाही. पण आमच्यात फेकत नाहीत. काही अंडी पहिल्या पाण्याला उठत नाहीत. मातीच्या मधोमध एखादं झोपून राहतं. बांधून ठेवतात, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भिजवतात."

"कुठे ठेवतात?"

"शेगडीवर नको. पलंगापाशी ठेव."

तुर्दुबेकनं पिशवी दोन्ही हातांत घेतली. धागा गुंडाळायला गेला, पण ती गाठ त्याला येत नव्हती. बेगायिमनं त्याची बोटं धरून ती बांधून दिली.

*

शुक्रवारी बुरुल आणि याकूब त्या गल्लीतून जात होते. याकूबनं गाडी हळू केली.

चौथ्या मजल्याच्या उघड्या बाल्कनीत तुर्दुबेक टोपी कानांवर ओढून उभा होता. समोर छोटी गॅसची शेगडी, तिच्यावर कढई. बर्फ तेलात पडून तडतडत होतं. वारा येऊ नये म्हणून बेगायिम पोळपाट आडवा धरून उभी होती.

"एवढ्या थंडीत," याकूब म्हणाला. "वास पोचेल का तिच्यापर्यंत?"

बुरुल धुराकडे पाहत होती. तो सरळ वर जात होता.

"पोचेल," ती म्हणाली. "आता मधे छत नाही."